कोळसा, वारा, ऊन आणि सातबारा

अलास्काच्या उत्तर टोकाला प्रुडो बे इथं तेलाचा प्रचंड साठा सापडला ते साल १९६८. त्याच साली भुसावळजवळ दीपनगरला ६२.५ मेगावॅटचा पहिला औष्णिक संच सुरू झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, ओढूनताणून जोडायचाही नाही. तरी खानदेशातल्या विजेचा गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांचा हिशेब मांडायला बसलं की आर्क्टिकचा तो वाद सारखा मध्ये डोकावतो. तिकडे बर्फाखालचं तेल काढावं की तिथंच राहू द्यावं, यावर दोन पिढ्या भांडल्या. इकडे आपण आधी कोळसा जाळला, मग वारा धरला, मग ऊन. कोणाला फारसं विचारलं नाही आणि वादही उशिराच झाला.

साठच्या दशकातल्या इथल्या शेतात मोट पूर्ण गेलेली नव्हती आणि इंजिनाची फटफट नुकती ऐकू यायला लागली होती. वाकोदच्या भवरलाल जैनांनी १९६३ मध्ये जळगावात हातगाडीवर रॉकेल विकून धंद्याला सुरुवात केली, हे जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे त्याच घरातून ठिबक निघालं आणि सौरपंपही निघाले. रॉकेलपासून उन्हापर्यंतचा प्रवास एका माणसाच्या हयातीत झाला. सरकारी धोरणांना एवढ्याशा अंतरासाठी कितीतरी जास्त वेळ लागला.

१९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत भाव चौपट झाले. त्याआधी अलास्काच्या तेलवाहिनीचं काम पर्यावरणाच्या मुद्द्यावर कोर्टात अडकलेलं होतं. गोठलेल्या जमिनीवरून गरम तेलाची नळी नेली तर खालचा बर्फ वितळेल, कॅरिबू हरणांच्या वाटा तुटतील, असे आक्षेप होते आणि ते पोकळ नव्हते. त्या जुलैत अमेरिकेच्या सिनेटमध्ये या वाहिनीला पुढच्या कोर्टकचेऱ्यांतून सोडवणाऱ्या दुरुस्तीवर ४९ विरुद्ध ४९ मतं पडली आणि उपराष्ट्राध्यक्ष ॲग्न्यू यांच्या एका मतानं ती तरली. अरबांची तेलबंदी ऑक्टोबरमध्ये आली; नोव्हेंबरात कायद्यावर सही झाली. १९७७ मध्ये जवळपास १३०० किलोमीटरच्या नळीतून तेल वाहू लागलं. पर्यावरणाची चर्चा कितीही रंगली तरी भाव चढला की ती गुंडाळली जाते, हे तेव्हापासून आजवर अनेकदा दिसलं आहे.

त्याच भाववाढीनं आपल्याकडचा इंजिनवालाही जेरीला आला. डिझेल परवडेना म्हणून विजेच्या कनेक्शनसाठी अर्जांचे ढीग लागले. वीज हवी तर कोळसा हवा. दीपनगरला १९७९ मध्ये २१० मेगावॅटचा संच आला, १९८२ मध्ये तेवढाच आणखी एक. पुढे २०१२ नंतर ५०० मेगावॅटचे दोन आणि अलीकडे ६६० मेगावॅटचा एक उभा राहिला. कोळसा रेल्वेनं, पाणी तापीचं, हतनूर धरणातून. भुसावळ हे रेल्वेचं गाव असल्यानं जागा अचूक निवडली होती, यात वाद नाही.

पूर्ण क्षमतेनं चालणारा ५०० मेगावॅटचा संच दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा खातो. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण ३० ते ४० टक्के. म्हणजे एका संचाची रोजची अडीच हजार टन राख कुठंतरी ठेवावी लागते. ती पाण्यात कालवून नळ्यांनी वेल्हाळ्याच्या बंधाऱ्यात सोडली जाते. उन्हाळ्यात बंधाऱ्याचा वरचा थर सुकला की पश्चिमेचा वारा बाकीचं काम करतो. रस्त्याकडेच्या निंबाचं पान बोटानं पुसलं की खाली हिरवं दिसतं, एरवी राखाडी. कपाशीचं बोंड फुटलेलं असताना राख बसली तर व्यापारी त्या कापसाला हात लावून बघतो आणि भाव सांगायच्या आधीच तोंड वाकडं करतो. घरातल्या बाया पापड-कुरडया गच्चीवर घालायच्या तर आधी वाऱ्याची दिशा बघतात. राखेचे बल्कर सिमेंटच्या कारखान्यांकडे धावत असतात, कारण १९९९ पासून राख वापरून संपवण्याचे नियम आले, पुढे ते कडकही झाले. वापर वाढला हे खरं आहे. पण बंधारा अजून भरलेलाच आहे.

१९८९ च्या मार्चमध्ये एक्सॉन वाल्डीझ हे जहाज अलास्काच्या किनाऱ्यावर खडकाला लागलं आणि सुमारे चार कोटी लिटर तेल समुद्रात गेलं. तेलानं माखलेल्या पक्ष्यांचे फोटो जगभर छापून आले आणि आर्क्टिकच्या वादाला चेहरा मिळाला. तेलगळतीला तारीख असते. राखेला नसते, म्हणून तिची बातमी होत नाही. झालीच तर तहसील कार्यालयावरच्या मोर्च्याची होते, आतल्या पानावर, चार ओळींत. माझ्या मते खानदेशातला पर्यावरणाचा वाद दुबळा राहिला त्याचं मोठं कारण हे आहे. इथल्या लोकांना कळत नाही असं मुळीच नाही.

दुसरंही एक कारण आहे आणि ते जरा अवघड आहे. दीपनगरच्या आसपासच्या गावांत राखेवर संतापलेला आणि वीजकेंद्रात कंत्राटी कामाला लागलेला माणूस बऱ्याचदा एकाच घरात राहतो. भाऊ राखेच्या विरोधात निवेदन देतो, दुसरा भाऊ राखेच्याच गाडीवर ड्रायव्हर असतो. अलास्कातही हेच आहे. तिथल्या आर्क्टिक वन्यजीव अभयारण्यातल्या किनारपट्टीवर ड्रिलिंग नको म्हणून ग्विचिन लोक अनेक दशकं लढत आहेत, कारण त्यांचं जगणं कॅरिबूंच्या कळपावर आहे आणि ते कळप तिथंच वितात. त्याच किनाऱ्यावरच्या काक्टोविक गावातल्या इन्युपिआट लोकांपैकी बऱ्याच जणांना तेल हवं आहे. शाळा, दवाखाना, पाण्याचे नळ हे सगळं तेलाच्या करातून आलं आहे, असं ते सांगतात. दुरून बघणाऱ्याला 'आदिवासी विरुद्ध कंपनी' असं सोपं चित्र दिसतं. जवळ गेलं की चुलत्या-पुतण्यांचं भांडण.

मग वारा आला. २००० नंतर साक्री तालुक्याच्या पश्चिमेच्या पठारावर, ब्राह्मणवेल-छडवेलच्या बाजूला, पवनचक्क्यांचं जंगल उभं राहिलं. वारा चांगला होता हे एक कारण. करसवलत हे दुसरं, आणि खरं सांगायचं तर जास्त जोरकस. पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा दाखवता येत असे. त्यामुळे ज्यांनी साक्री नकाशावरही पाहिली नव्हती अशा कारखानदारांनी आणि धनिकांनी इथं पाती फिरवली. नफा झाला की कर वाचवायला पवनचक्की घ्यायची, असा तो मामला. एप्रिल २०१२ मध्ये ही सवलत काढली आणि नव्या पवनचक्क्यांचा जोर लगेच ओसरला. २०१४ मध्ये ती परत आणावी लागली. वारा तर तोच होता.

पठारावरची बरीचशी जमीन वनखात्याच्या नावावर होती आणि भिल्ल-कोकणा कुटुंबं ती पिढ्यान्‌पिढ्या कसत होती. त्यांच्या नावानं सातबारा नव्हता. कंपन्यांना वनजमीन वळती करून मिळाली. कसणाऱ्यांना त्यांच्या हक्काचा कायदा २००६ मध्ये मिळाला आणि दाव्यांच्या फायली त्यानंतर हलायला लागल्या. सत्यशोधक चळवळीच्या लोकांनी त्यावर मोर्चे काढले. शहरातल्या पर्यावरणवाद्यांनी मात्र या मोर्च्यांकडे फारसं लक्ष दिलं नाही. वाऱ्याची वीज स्वच्छ, मग भांडायचं कशाला, असा बहुधा त्यांचा विचार असावा. त्या काळात पवनचक्क्या ढग पळवतात अशी एक समजूत सातारा-सांगलीकडून इकडेही पसरली होती. शास्त्राचा तिला आधार नाही. पण ज्याच्या डोक्यावर पातं फिरतं आणि घरात अंधार असतो, त्याला असल्या गोष्टीवर विश्वास ठेवायला फार लागत नाही.

ऊन सगळ्यात शेवटी आलं. खरं तर आपल्याकडे तेवढंच मुबलक होतं. भुसावळचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो हे सांगायला नको. महानिर्मितीनं साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू केला, जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जातून. तेव्हा तो देशातल्या मोठ्या प्रकल्पांत मोजला जायचा. धूर नाही, राख नाही, कोळशाची गाडी नाही.

आणि तरीही खानदेशातल्या विजेच्या इतिहासातला सगळ्यात काळा दिवस याच स्वच्छ विजेच्या नावावर आहे. शिंदखेडा तालुक्यात दोंडाईचाजवळ विखरण-मेथी परिसरात ३३०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प होणार म्हणून २००९ पासून जमिनी घ्यायला सुरुवात झाली. औष्णिक प्रकल्प बारगळला, जमीन मात्र परत गेली नाही. तिथं सौर पार्क ठरला. विखरणचे धर्मा पाटील ऐंशी ओलांडलेले. पाच एकरांचे जेमतेम चार लाख मिळाले आणि शेजारच्या जमिनीला कोटीच्या वर, ही त्यांची तक्रार होती. बागेतली आंब्याची झाडं मोजणीत धरली नाहीत, हीसुद्धा. तलाठी कार्यालयापासून मंत्रालयापर्यंत त्यांनी चपला झिजवल्या. २२ जानेवारी २०१८ ला त्यांनी मंत्रालयात विष घेतलं आणि २८ तारखेला ते गेले. मग फेरमूल्यांकनाचे आदेश निघाले. पुढच्या महिन्यात मंत्रालयात आणखी एक आत्महत्या झाली, तेव्हा सरकारनं इमारतीच्या मधल्या चौकात, पहिल्या मजल्याच्या उंचीवर, नायलॉनची जाळी बांधली.

त्या जमिनीवर कोळसा जळणार होता की सौर पॅनल लागणार होते, यानं धर्मा पाटलांच्या प्रकरणात काही फरक पडला नाही. मोजणी तीच, दलाल तेच, फाईलही तीच. याचा अर्थ कोळसा आणि ऊन सारखेच असा मी लावत नाही. वेल्हाळ्याची राख एकदा पाहिलेला माणूस तसं म्हणणार नाही. पण पर्यायी ऊर्जेच्या भाषणांत 'पर्यायी मोबदला' किंवा 'पर्यायी मोजणी' हे शब्द मला अजून ऐकू आलेले नाहीत.

यात आर्क्टिक परत येतं ते वेगळ्या वाटेनं. २०१६ मध्ये ओएनजीसी विदेश, इंडियन ऑइल, ऑइल इंडिया आणि भारत पेट्रोलियमची उपकंपनी यांनी मिळून सैबेरियातल्या वांकोर तेलक्षेत्रात ४९.९ टक्के हिस्सा घेतला. वांकोर आर्क्टिक वृत्ताच्या वर आहे. म्हणजे धुळ्याच्या हायवेवर ज्या कंपन्यांच्या पंपांवर ट्रॅक्टरचं डिझेल भरायचं, त्यांपैकी काही बर्फाखालच्या तेलाच्या भागीदार आहेत. २०१५ मध्ये शेलनं सुमारे ७०० कोटी डॉलर घालवून अलास्काच्या समुद्रातून काढता पाय घेतला, तेव्हा पर्यावरणवाद्यांनी पेढे वाटले. त्यानंतर वर्षाच्या आतच आपण वांकोरमध्ये शिरलो. २०२० च्या मेमध्ये सैबेरियात नोरिल्स्कला वीजकेंद्राची टाकी फुटून सुमारे २१ हजार टन डिझेल जमिनीत आणि नद्यांत गेलं. टाकीखालची गोठलेली जमीन खचली असावी, असं तेव्हा कंपनीनंच म्हटलं होतं. अलास्काच्या तेलवाहिनीवर कोर्टात जो आक्षेप होता, जवळपास तोच. या कशाची चर्चा इथं झाली नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं म्हटल्यावर कोण कुठल्या बर्फाची चौकशी करणार?

खानदेशातल्या शेतकऱ्याचं या सगळ्यातलं मागणं फार साधं होतं: लाईट दिवसा द्या. शेतीच्या फीडरला दिवसा आठ तास, नाहीतर रात्री दहा, अशी चक्राकार पाळी असायची. रावेर-यावलच्या केळीला मेमध्ये पाण्याचा एक दिवस चुकवून चालत नाही. रात्रपाळी आली की माणूस बॅटरी घेऊन बागेत. पायाखाली नाग आहे की ठिबकची नळी, ते पाय पडल्यावर कळतं. डीपी जळाली तर आठ-आठ दिवस खेटे. २०१७ ची सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२४ ची 'मागेल त्याला सौर कृषी पंप', ज्यात सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या दहा टक्केच भरावे लागतात, या दोन्हींचं स्वागत झालं ते याच कारणानं. पंपाच्या योजनेत तर जमीन त्याची, पॅनल त्याचं, वेळ त्याची. पन्नास वर्षांत पहिल्यांदा वीज शेतकऱ्याच्या बांधावर तयार होऊ लागली आणि त्यासाठी कुणाचं नाव सातबाऱ्यावरून उडवावं लागलं नाही. मला तरी या सगळ्या मागोव्यात समाधानाची एवढीच जागा सापडते.

अडचण खाली आहे. योजनेतला मोठ्यात मोठा पंप साडेसात अश्वशक्तीचा. सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात बोअर इतके खोल गेलेत की तो पुरत नाही. रावेर आणि यावल हे भूजलाचा अतिउपसा झालेले तालुके. रात्रीची लाईट कितीही छळायची, पण तिनं उपशालाही थोडा लगाम घातला होता. उन्हावरच्या मोटरीला ना बिल ना पाळी. सूर्य आहे तोवर ती चालते. त्यावर उतारा म्हणून तापी मेगा रिचार्जची योजना पुढे आली आहे. तापीचं पुराचं पाणी वळवून पायथ्याच्या बझाडा पट्ट्यात मुरवायचं, असा तो बेत. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशानं भोपाळला त्याच्या करारावर सह्या केल्या. बंधारा आणि कालव्यांसाठी हजारो हेक्टर जमीन लागणार आहे. एकही गाव उठवावं लागणार नाही, असं सरकार सांगतं. मोजणी अजून व्हायची आहे.