चिकणमातीचा पंचनामा

कोठार कललं, पण मोडलं नाही. म्हणजे दोष काँक्रीटचा नव्हता, खालच्या जमिनीचा होता.

कॅनडात विनिपेगजवळच्या ट्रान्सकोना इथे कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने दहा लाख बुशेल धान्य मावेल असं कोठार बांधलं. 65 गोल टाक्या, सगळ्या मिळून दोन फूट जाडीच्या एका सलग काँक्रीट पायावर, म्हणजे राफ्टवर, उभ्या. सप्टेंबर 1913 मध्ये धान्य भरायला सुरुवात झाली. 18 ऑक्टोबरला पावणेनऊ लाख बुशेल आत असताना कोठार खचू लागलं, तासाभरात फूटभर. मग ते पश्चिमेला झुकत गेलं आणि चोवीस तासांत जवळजवळ 27 अंश कललं. एक कड 24 फूट खाली गेली, दुसरी 5 फूट वर आली. पुढे खालून खडकापर्यंत खांब उतरवून आणि जॅक लावून ते सरळ करण्यात आलं, वापरातही आलं.

बांधण्यापूर्वी जमीन तपासलीच नव्हती, असं मात्र नाही. खड्ड्यात प्लेट ठेवून, वर वजन चढवून चाचणी घेतली होती आणि निकाल चांगला आला होता. पण छोट्या प्लेटचा दाब थोड्याच खोलीपर्यंत पोचतो. 77 फूट रुंद राफ्टचा दाब कितीतरी खोल जातो. वरची चिकणमाती घट्ट होती, खालची मऊ. साय जाड दिसली म्हणून दूध दाट ठरवावं, तसं झालं.

याचा छडा लागला तो 1951 मध्ये. राल्फ पेक आणि फ्रँक ब्रायंट या अभियंत्यांनी तिथे बोअर घेतले, म्हणजे जमिनीत खोल भोकं पाडली. हे काम नाजूक असतं. खचलेली माती आधीच मळलेली, म्हणून नमुना जरा लांबून, न हललेल्या जमिनीतून घ्यावा लागतो. पातळ पत्र्याची नळी हळूच दाबून मातीचा गठ्ठा वर काढायचा, ओल उडू नये म्हणून तोंडं मेणाने बंद करायची. प्रयोगशाळेत तो दंडगोल दाबत जायचा; कुठल्या दाबाला फुगतो किंवा तिरका चिरतो, ते टिपायचं.

ट्रान्सकोनात आणखी एक मोलाची गोष्ट हाताशी होती: आत किती धान्य होतं ते ठाऊक होतं, म्हणजे जमीन नेमक्या किती भाराला हरली तेही. पेक आणि ब्रायंट यांनी मातीच्या ताकदीवरून काढलेला आकडा त्या भाराशी जवळपास जुळला. पायाच्या क्षमतेचं सूत्र पूर्ण आकाराच्या इमारतीवर असं पडताळायला मिळणं फार दुर्मीळ. सरळ झालेल्या कोठाराकडे 38 वर्षांनी परत जाणारी ही चिकाटी मला या विद्येतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

घर बांधत असाल तर इंजिनिअरला तीन गोष्टी विचारा: बोअर किती घेतले, किती खोल गेले, खडक कुठे लागला. आणि हे ज्यात लिहिलेलं असतं तो सॉइल रिपोर्ट घराच्या कागदपत्रांत जपून ठेवा.