मण्यारीचा दंश व श्वासाची नळी

पावसाळा लागला कीं वर्धा नदीच्या कांठीं, पुलगांवच्या आसपासच्या शिवारांत मण्यारीचें भय वाढतें. ती बहुधा रात्रीं, जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. दंशाची जागा फारशी सुजत नाहीं व दुखतही नाहीं. पहांटे पोट दुखूं लागतें, पापण्या मिटूं लागतात आणि घरचे तो झोपेचा अंमल समजतात. घात होतो तो येथेंच.

या विषानें मज्जातंतूंचीं स्नायूंजवळचीं टोकें निकामी होतात. पापण्यांमागून बोलणें गेंगाणें होतें, घांस गिळवत नाहीं, मान उचलवत नाहीं आणि शेवटीं श्वासाचे स्नायू थकतात. सर्पदंशावरील लस रक्तांत फिरणारें विष मारते, म्हणून ती लवकर मिळावी. परंतु बिघडलेलीं टोकें ती सुधारीत नाहीं. तीं सुधारेपर्यंत श्वास यंत्रानेंच चालवावा लागतो.

मग श्वासनलिकेंत नळी केव्हां घालावी? बोटास लावलेल्या यंत्रावर प्राणवायूचा आंकडा उतरण्याची वाट पाहूं नये. तो फार उशिरां उतरतो. थुंकी तोंडांत सांचणें, उशीवरून डोकें न उचलवणें, खोकला दुबळा होणें, या खुणा त्याआधींच दिसतात. रोग्यास एका दमांत आंकडे मोजावयास लावावे. प्रथम 30 पर्यंत जाणारा थोड्या वेळानें 15 वरच थांबला, तर वेळ भरत आली असें जाणावें. निर्णय डॉक्टरांचा, पण उशाशीं बसलेल्यानें पाव पाव तासानें हें पाहून त्यांस सांगावें.

यास्तव पापणी जड होतांच 108 क्रमांकास कळवावें, आणि श्वासयंत्र असलेलें रुग्णालय गांठावें. आपल्या जिल्ह्यांत सेवाग्रामचें कस्तुरबा रुग्णालय आहे. वाटेंत रोग्यास कुशीवर निजवावें व तोंडानें कांहीं देऊं नये.

नळी घातली म्हणजे माणूस गेलाच, असें समजून कित्येक आप्त संमति देण्यास कचरतात. शेतकरी बंधूंनीं हा ग्रह सोडावा. असा रोगी डोळे उघडीत नाहीं, बोट हालवीत नाहीं, त्याच्या बाहुल्याही स्थिर असतात. तरी तो पुष्कळदां शुद्धीवर असून सर्व ऐकत असतो. वेळींच नळी पडली, तर कांहीं दिवसांनीं त्याचा श्वास परत येतो आणि तो आपल्या पायांनीं घरीं येऊं शकतो. म्हणून त्याच्या उशाशीं रडूं नये. धीराचे दोन शब्द बोलावे, असें आम्ही आग्रहानें सांगतों.