रस्त्यावरच्या घोड्याला वाली कोण?

काम असेतो चंदी आणि खरारा, काम संपले की उकिरडा! मोकाट घोड्यांचा प्रश्न वाटतो तितका लहान नाही.

भिलाईला लागून असलेले हथखोज हे अवजड उद्योगांचे ठिकाण. लोखंडी माल वाहणाऱ्या ट्रकांना इथे दिवसरात्रीचा भेद नसतो. पावसाळा लागला की छत्तीसगडच्या रस्त्यांवर ठरलेले दृश्य दिसते. चिखलात बसण्यापेक्षा कोरडे डांबर बरे म्हणून गुरे भर रस्त्यात ठाण मांडतात. ट्रकचालकांनाही त्याची सवय झालेली असते. गाय हलणार नाही हे धरूनच ते गाडी वळवतात.

पण अशा रस्त्यावर गायीऐवजी घोडा असेल तर? मागून हॉर्न वाजताच तो बिचकतो आणि चौखूर उधळतो. बाजूच्या खड्ड्यात उतरण्याऐवजी तो समोरचा मोकळा रस्ताच धरतो. पाय उंच असल्याने मोटारीची धडक पायांना बसते आणि दोन-तीनशे किलोंचे धड थेट काचेवर येते. जनावर मरते आणि माणूसही वाचेलच असे नाही.

मालक असतोच

मोकाट कुत्र्याला बहुधा मालक नसतो. घोड्याचे तसे नाही. कोणीतरी पैसे मोजून त्याला विकत घेतलेले असते. तो टांग्याला जुंपलेला असतो, वीटभट्टीवर राबलेला असतो किंवा नवरदेवाला पाठीवर घेऊन बँडच्या गोंगाटात उभा राहिलेला असतो. मग तो रस्त्यावर येतो कसा?

उत्तर चाऱ्याच्या हिशेबात आहे. आषाढात लग्नसराई थांबते ती थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. याच दिवसांत वीटभट्ट्याही थंड असतात. कमाई बंद होते, घोड्याचे पोट मात्र बंद होत नाही. अशा वेळी त्याचे दावे सोडून द्यायचे आणि हिरव्या गवतावर चार महिने काढू द्यायचे, हा मालकाला सोपा मार्ग वाटतो. जनावर धडधाकट राहिले तर कार्तिकात पुन्हा धरून आणता येते. लंगडे झाले तर मालक ओळख देत नाही. म्हातारा किंवा अधू घोडा तर कायमचाच सोडला जातो.

घोड्यांची गरजच कमी होत चालली आहे, हेही खरे. 2012 च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे सव्वासहा लाख होती. 2019 मध्ये ती संख्या साडेतीन लाखांच्याही खाली आली. टांग्याची जागा रिक्षाने घेतली आणि ओझ्याची छोट्या टेंपोने. मुंबईत व्हिक्टोरिया गाड्यांची हौसेची सफर बेकायदा असल्याचा निर्णय उच्च न्यायालयाने जून 2015 मध्ये दिला आणि त्या बंद करण्यासाठी एक वर्षाची मुदत दिली. तबेल्यांतले हाल पाहता निर्णय योग्यच होता. गाडीवाल्यांच्या पुनर्वसनाची योजनाही सरकारला करायला सांगण्यात आली. पण माणसाला दुसरा धंदा शिकता येतो, गाडी ओढण्यातच हयात गेलेल्या घोड्याने काय करावे? माथेरानमध्ये डिसेंबर 2022 पासून ई-रिक्षाचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा घोडेवाल्यांना पोटाची धास्ती वाटली. घोड्यांची काळजी त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला वाटली असेल असे नाही.

पन्नास रुपयांचा धाक

कायदा नाही असे नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा सांगतो की उपासमार किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा गुन्हा आहे. आजारी, अपंग जनावर रस्त्यावर मरू देणे हाही गुन्हाच. शिक्षा किती? त्याच कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड लिहिलेला आहे. पन्नास रुपयांत घोड्याचा एका दिवसाचा दाणावैरणही भागत नाही. म्हणजे घोडा पोसण्यापेक्षा दंड भरणे स्वस्त!

कोंडवाड्याची सोय त्याहून जुनी आहे. 1871 च्या ब्रिटिश कायद्याने ‘गुरे’ या शब्दात घोडे, घोड्या आणि शिंगरेसुद्धा धरली होती. मात्र कोंडवाडा किंवा छत्तीसगडमधले कांजी हाऊस उभे राहिले ते गाय-बैल डोळ्यांसमोर ठेवून. शिंगांच्या गुरांत घोडा कोंडला की तो जखमी होतो, आणि घाबरून लाथा झाडू लागला की गुरेही जखमी होतात.

चाऱ्याचा घोळ आणखी वेगळा. गाय रवंथ करते, तिच्या पोटाला चार कप्पे असतात. घोड्याचे जठर लहान असते. मोकळे सोडल्यास तो दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडे थोडे चरत राहतो. शिवाय त्याला उलटी करता येत नाही. शिळी पोळी, आंबलेला भात, लग्नातले उरलेले अन्न किंवा प्लॅस्टिकची पिशवी पोटात गेली की पोटशूळ उठतो. घोडा जमिनीवर गडबडा लोळतो, पुनःपुन्हा पोटाकडे वळून पाहतो आणि कित्येकदा काही तासांत दगावतो. पुण्य म्हणून पोळ्यांचा ढीग पुढे टाकणाऱ्यांना हे कोणी सांगितलेलेच नसते.

रोगाची भीतीही खोटी नाही. 2006 मध्ये पुणे आणि पाचगणी परिसरातल्या घोड्यांमध्ये ग्लँडर्स हा रोग आढळला होता. नाकातून चिकट स्राव येतो, कातडीवर गाठी उठून फुटतात. हा रोग माणसालाही होऊ शकतो आणि त्यावर लस नाही. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात रक्ताची तपासणी होते आणि रोग नक्की झालेल्या जनावराला दयामरण द्यावे लागते. बांधलेल्या घोड्याचे रक्त घेता येते. गावोगाव भटकणाऱ्या घोड्याला शोधायचे कुठे?

खरेखुरे रानघोडे

आसामच्या दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानात मात्र घोडे खरोखरच मोकळे राहतात. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी लष्कराने तिथे आणलेल्या घोड्यांचे ते वंशज मानले जातात. ब्रह्मपुत्रेच्या काठची गवताळ कुरणे हेच त्यांचे घर. माणसाने सोडले, पण सोडले ते चाऱ्या-पाण्यात.

अमेरिकेने तर 1971 मध्ये मोकळ्या घोड्यांसाठी स्वतंत्र कायदाच केला. त्यांना मारणे थांबले, पण कळप इतके वाढले की गवत पुरेना. सरकारला हजारो घोडे पकडून कुंपणात पोसावे लागतात आणि लोकांना दत्तक द्यावे लागतात. ॲसाटीग बेटावर दुसरा उपाय निघाला. 1994 पासून तिथल्या घोड्यांच्या माद्यांना लांबूनच सुई मारून गर्भप्रतिबंधक लस दिली जाऊ लागली. संख्या आटोक्यात आली आणि सततच्या बाळंतपणातून सुटलेल्या माद्या अधिक वर्षे जगू लागल्या.

आपल्या शहरांत त्या सुईची गरज नाही. मोकाट घोडे मोजके असतात. नर घोडे खच्ची करून घेतले तरी मारामाऱ्या आणि नको असलेली शिंगरे टळतील. नगरपालिकेने प्रत्येक घोड्याची नोंद करून त्याला ओळखीची खूण दिली, तर लंगडा घोडा कोणाचा हा प्रश्न उरणार नाही. लग्नाचा घोडा ठरवणारे वधूवरांचे आईवडीलही घोडेवाल्याला एवढे विचारू शकतात की पावसाळ्यात घोडा कुठे असतो. बँडच्या बिदागीसाठी तासभर घासाघीस करणाऱ्यांना एवढा एक प्रश्न जड जाऊ नये.

घोडा दिसलाच तर...

थेट मागून जाऊ नये, तिथे त्याला दिसत नाही आणि लाथ बसते. अगदी समोरूनही नको. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत, सावकाश जवळ जावे. मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवावे. हुसकावण्यासाठी दगड मारला तर तो रस्त्याकडेच पळेल, म्हणून एकाने रस्त्याच्या बाजूला उभे राहून त्याला आतल्या मोकळ्या जागेकडे वळवावे. रात्रीची वेळ असेल तर आधी येणाऱ्या वाहनांना दिवा दाखवून सावध करावे आणि पोलिसांना कळवावे.

पाणी भरपूर ठेवावे, घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागते. खायला स्वच्छ, कोरडे किंवा ताजे गवत द्यावे. हडकुळा दिसला म्हणून घमेलेभर हरभरे पुढे ठेवू नयेत, उपाशी घोड्याला तेच मारक ठरते. जखम असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन लागते, कारण हा रोग घोड्याला फार चटकन होतो. ते काम सरकारी पशुवैद्यकाचे. नाकातून स्राव येत असेल तर हात न लावता त्यालाच बोलवावे. तोवर घोडा बांधायचा झाल्यास सावलीत बांधावा. दोर गळ्यात सरकफासासारखा नसावा, आणि तो एवढाच लांब ठेवावा की मान खाली घालून पाणी पिता येईल पण पाय अडकणार नाही.