विंडशील्ड वॉशर द्रव

विंडशील्ड वॉशर द्रव म्हणजे मोटार, मालमोटार, बस इत्यादी वाहनांची समोरची काच वाहन चालू असतानाच धुता यावी यासाठी वापरले जाणारे द्रावण होय. चालकांच्या व गॅरेजच्या बोलीत त्यास ‘वायपरचे पाणी’ म्हणतात. पाणी हा त्याचा मुख्य घटक असला, तरी निव्वळ पाणी म्हणजे वॉशर द्रव नव्हे. मळ सुटा करणारा अपमार्जक (डिटर्जंट) आणि थंड प्रदेशांत द्रव गोठू न देणारे अल्कोहोल यांचे त्यात ऋतुमान पाहून मिश्रण केलेले असते. युरोप व उत्तर अमेरिकेत या द्रवाची निवड प्रामुख्याने गोठणबिंदूवरून केली जाते. महाराष्ट्राच्या बहुतांश भागात पारा शून्याच्या जवळपासही जात नाही; त्यामुळे येथे पाण्यातील क्षार, धूळ, काजळी आणि तेलकट थर या बाबी निवडीत अधिक महत्त्वाच्या ठरतात. सांगली जिल्ह्यातील कुपवाड व लगतचा सातारा जिल्हा हा परिसर त्याचे चांगले उदाहरण आहे.

रचना व कार्य

वाहनाची काच पुसणाऱ्या यंत्रणेचे पेटंट अमेरिकेतील मेरी अँडरसन यांना १९०३ मध्ये मिळाले. काचेवर द्रव फवारण्याची सोय त्यानंतर काही दशकांनी आली. आजच्या वाहनांत बॉनेटखाली प्लॅस्टिकची टाकी, तिला जोडलेला लहान विद्युत पंप, नळी आणि काचेच्या खालच्या बाजूस बसवलेली बारीक छिद्रांची नोझल अशी रचना असते. वायपरची दांडी ओढताच पंप द्रव फवारतो व पाठोपाठ वायपर फिरतात.

द्रवाचे कार्य दुहेरी असते. काचेवरील मळ विरघळवणे वा सुटा करणे हे पहिले; वायपरचे रबर व काच यांमध्ये ओला थर ठेवणे हे दुसरे. कोरड्या, धुळीने माखलेल्या काचेवर वायपर फिरवल्यास मातीचे कण रबराखाली घासले जाऊन काचेवर कमानीसारखे बारीक ओरखडे उमटतात. दिवसा ते जाणवत नाहीत. रात्री समोरून येणाऱ्या वाहनाचा प्रकाश मात्र त्यांवर पसरून चालकाचे डोळे दिपतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार वाहनाच्या समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के दृश्य प्रकाश आरपार जाणे आवश्यक आहे. नियमाप्रमाणे बसवलेली काचही मळकट असल्यास हा उद्देश साधत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. काच स्वच्छ होण्यास तीन सेकंद लागले, तर तेवढ्यात वाहन ५० मीटर पुढे गेलेले असते.

घटक

वॉशर द्रवात पुढील घटक आढळतात :

• पाणी – शक्यतो क्षारविरहित.
• अपमार्जक – अल्प प्रमाणात. अपमार्जकाच्या रेणूचे एक टोक तेलाशी व दुसरे पाण्याशी जोडले जाते, त्यामुळे तेलकट थर सुटतो.
• अल्कोहोल – इथेनॉल, आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा मेथॅनॉल. गोठणबिंदू खाली आणणे हे त्याचे मुख्य काम. तेलकट डाग विरघळवण्यासही ते मदत करते.
• रंग व सुगंध – द्रव ओळखता यावा यासाठी. रंगावरून गुणवत्ता ठरत नाही.

बाजारात हा द्रव तयार स्वरूपात, तसेच पाण्यात मिसळावयाच्या संहत स्वरूपात मिळतो. संहत द्रव वेष्टनावरील प्रमाणातच मिसळावा लागतो. तो अधिक घातल्याने काच अधिक स्वच्छ होत नाही, उलट वाळलेल्या अपमार्जकाचा पुसट थर काचेवर राहतो.

पाण्याची प्रत

दख्खनच्या बेसॉल्ट खडकातून येणाऱ्या कूपनलिकांच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अनेक ठिकाणी विपुल असतात. अशा पाण्यास दुष्फेन पाणी म्हणतात. कृष्णाकाठच्या सिंचित पट्ट्यात क्षारपड जमिनीचीही समस्या आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) एकूण कठिणतेची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम असून, दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चालते. या वरच्या मर्यादेचे तीन लिटर पाणी पूर्ण आटले, तर कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने सुमारे १.८ ग्रॅम क्षार मागे उरतात. काचेवरील पांढरे ठिपके, नोझलच्या तोंडाशी बसणारी पापडी आणि वाकडी पडणारी धार यांचे मूळ बहुधा येथे असते.

साध्या साबणाने हा प्रश्न वाढतो. साबण व दुष्फेन पाण्यातील क्षार यांच्या अभिक्रियेतून न विरघळणारा साका तयार होतो. अपमार्जक तुलनेने असा साका करत नाही, म्हणून वॉशर द्रवात साबण न वापरता अपमार्जक वापरतात.

क्षारविरहित पाणी मिळवणे कठीण नाही. बॅटरीत भरण्यासाठी विकले जाणारे शुद्ध पाणी (डिस्टिल्ड वॉटर) यासाठी योग्य असते. मात्र बॅटरीचे आम्ल चुकूनही वापरू नये. घरगुती आरओ यंत्रातून मिळणारे पिण्याचे पाणी चालते. त्याच यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र मूळ पाण्यापेक्षाही क्षारयुक्त असल्याने निरुपयोगी होय.

ऋतूनुसार निवड

उन्हाळा

मार्च ते मे या काळात सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, विशेषतः जत, कवठेमहांकाळ व आटपाडी या तालुक्यांत, कोरडी धूळ काचेवर दाट बसते. तापलेल्या काचेवर द्रव झटपट वाळतो आणि मळ निघण्याआधीच डाग उरतात. म्हणून या ऋतूत क्षारविरहित पाणी व अल्प अपमार्जक असलेला, अल्कोहोल नसलेला किंवा अगदी कमी असलेला द्रव उपयुक्त ठरतो. अल्कोहोलचे प्रमाण जास्त असल्यास ते लवकर उडून जाते; शिवाय ते ज्वालाग्राही असल्याने उन्हात उभ्या वाहनात त्याची बाटली ठेवणे धोक्याचे असते.

पावसाळा

पाऊस काच धुतो, म्हणून या काळात वॉशर द्रव लागत नाही, हा समज चुकीचा आहे. रस्त्यावरील तेल, टायरचे कण व चिखल यांचे तुषार पुढील वाहनाच्या चाकांतून काचेवर उडतात. पावसाच्या पाण्याने हा तेलकट थर निघत नाही. वायपर तो केवळ पसरवतो. पहिल्या पावसात हा परिणाम सर्वाधिक जाणवतो. आंबा घाट किंवा कुंभार्ली घाटमार्गे कोकणात उतरणाऱ्या, तसेच खंबाटकी घाटातून पुण्याकडे जाणाऱ्या वाहनांस या ऋतूत अपमार्जकाचे प्रमाण योग्य असलेला द्रव आवश्यक असतो. आषाढी वारीच्या काळात पंढरपूरच्या वाटेवर पहाटे व रात्रीही वारकरी पायी चालत असतात. तेव्हा स्वच्छ काचेचे महत्त्व अधिकच वाढते.

घाटातील धुक्यात काचेच्या आतल्या बाजूस जमणारे बाष्प वॉशर द्रवाने जात नाही. त्यासाठी काचेवर वारा सोडणारी यंत्रणा (डीफॉगर) किंवा वातानुकूलन वापरावे लागते.

पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, रात्री दिव्यांकडे झेपावणारे कीटक काचेवर आपटतात. त्यांतील प्रथिने वाळून घट्ट चिकटतात. अशा वेळी द्रव फवारून काच थोडी भिजू द्यावी व नंतर वायपर फिरवावेत.

हिवाळा

कुपवाड परिसरात हिवाळ्यातही साधे पाणी गोठत नाही. येथील हिवाळ्याची अडचण निराळी आहे. पहाटेचे दव व धूळ मिळून काचेवर पातळ चिखल होतो. शिवाय हा उसाच्या गाळपाचा हंगाम असतो. शेतातील पाचट जाळल्याने उडणारी काजळी आणि वाहनांचा धूर यांचा काळसर, तेलकट थर काचेवर बसतो. रात्री मागचे दिवे अथवा परावर्तक नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या व बैलगाड्या रस्त्यावर असतात. समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश मळकट काचेवर पसरला, तर त्या अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. त्यामुळे या भागात वॉशरची टाकी भरलेली असण्याची खरी गरज या काळात सर्वाधिक असते.

महाबळेश्वर हा याला अंशतः अपवाद आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवरील या ठिकाणी, वेण्णा तलावाच्या परिसरात डिसेंबर ते फेब्रुवारीदरम्यान काही पहाटे दवबिंदू गोठतात आणि वाहनांच्या टपांवर व काचांवर हिमकणांचा थर दिसतो. हवेचे तापमान शून्यावर असतानाही असे घडू शकते. निरभ्र रात्री उघड्यावरील धातू व काच आपली उष्णता आकाशाकडे वेगाने उत्सर्जित करतात आणि सभोवतालच्या हवेपेक्षा अधिक थंड होतात. अशा काचेवर साध्या पाण्याचा फवारा मारल्यास त्याचाही बर्फ बनण्याची शक्यता असते. गरम पाणी ओतणे त्याहून वाईट. तापमानातील अचानक फरकाने काचेला तडा जाऊ शकतो. इंजिन सुरू करून काचेवर कोमट वारा सोडणे हा सुरक्षित उपाय होय.

हिमप्रदेशातील प्रवास

सांगलीची हळद व बेदाणे मालमोटारींतून देशभर जातात. हिमाचल प्रदेशातील अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाल्यापासून लाहौलकडे जाणारी हिवाळी वाहतूकही वाढली आहे. अशा प्रवासात गोठणरोधक द्रव अनिवार्य ठरतो. पाण्यात आकारमानाने २० टक्के इथेनॉल असल्यास मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ९ अंश सेल्सिअसच्या आसपास, तर ३० टक्के असल्यास उणे १५ अंशांच्या आसपास येतो. हे इथेनॉल ऊसपट्ट्याला परके नाही. साखर कारखान्यांत मळीपासून तेच तयार होते.

वेष्टनावरील गोठणबिंदू अपेक्षित किमान तापमानाहून बराच खालचा असावा. काचेवर पडताच वाऱ्याने द्रवातील अल्कोहोल झपाट्याने उडते, त्यामुळे काच आणखी थंड होते आणि उरलेल्या पाणीदार भागाचा बर्फ होऊ शकतो. प्रवासाला निघण्यापूर्वी टाकीतील जुने पाणी संपवून नवा द्रव भरावा व काही वेळ फवारा मारावा. अन्यथा नळी व नोझलमध्ये साचलेले जुने पाणी गोठते आणि टाकीतील चांगला द्रवही काचेपर्यंत पोहोचत नाही.

मेथॅनॉलचा धोका

मेथॅनॉल स्वस्त असून सुमारे उणे ९८ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही, म्हणून थंड देशांतील अनेक वॉशर द्रवांत ते वापरले गेले. मात्र ते तीव्र विष आहे. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्लात रूपांतर होते. त्यामुळे अंधत्व वा मृत्यू येऊ शकतो. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मेथॅनॉलमिश्रित विषारी दारूने शंभराहून अधिक जणांचा बळी घेतला. युरोपीय संघाने सामान्य ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या वॉशर द्रवात ०.६ टक्के किंवा त्याहून अधिक मेथॅनॉल असण्यास मे २०१९ पासून बंदी घातली.

निळ्या वा गुलाबी रंगाचा हा द्रव मुलांना सरबतासारखा वाटू शकतो. म्हणून तो मूळ बाटलीतच, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नये. पोटात गेल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे व बाटली सोबत न्यावी, कारण मेथॅनॉलच्या विषबाधेची गंभीर लक्षणे अनेकदा काही तासांनंतर दिसू लागतात.

वापर व निगा

• इंजिन थंड ठेवणारे कूलंट वॉशरच्या टाकीत घालू नये. त्यातील ग्लायकॉलचा चिकट थर काचेवर पसरतो. शिवाय ते विषारी आहे. टोपणावरील काच व कारंज्याचे चिन्ह पाहूनच टाकी उघडावी.
• भांडी घासण्याच्या द्रवाने फेस जास्त होतो. तो वॉशर द्रवाऐवजी वापरू नये.
• टाकी रिकामी असताना पंप चालवू नये. त्याने पंप जळू शकतो.
• टाकीत साधे पाणी दीर्घकाळ साठवू नये. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, वॉशरमध्ये निव्वळ पाणी वापरणाऱ्या चालकांत लीजनेलोसिस या फुप्फुसाच्या आजाराचा धोका अधिक आढळला. कोमट, साचलेल्या पाण्यात या रोगाचे जिवाणू वाढतात.
• नोझल तुंबल्यास बारीक सुईने छिद्र हलकेच मोकळे करावे.
• वायपरचे रबर कडक झाले असल्यास उत्तम द्रवही निरुपयोगी ठरतो. उन्हाळ्याच्या उष्णतेने रबर लवकर खराब होते, म्हणून पावसाळ्यापूर्वी ते तपासून घ्यावे.

हे सुद्धा पहा

• वायपर
• दुष्फेन पाणी
• अपमार्जक
• मेथॅनॉल
• कुपवाड