राणीने रडायचं कधी?

संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ फेब्रुवारी 2025 मध्ये झळकला आणि माणसं डोळे पुसत थिएटरबाहेर आली. रत्नागिरी जिल्ह्याला त्यात वेगळं हळहळण्याचं कारण आहे. संभाजी महाराज पकडले गेले ते कसबा संगमेश्वर याच जिल्ह्यातलं. तिथून येणारी शास्त्री नदी समुद्राला मिळते ती जयगडला. अलीकडे जयगड, पलीकडे तवसाळ, मधे गाड्या आणि माणसं घेऊन ये-जा करणारी फेरीबोट, आणि वर टेकाडावर विजापूरकरांच्या काळातला किल्ला. त्याचं नाव म्हणे जयबाचं. तट उभा राहीना, तेव्हा या पोराने आपणहून बळी दिला, असं सांगतात. ‘आपणहून’ हा शब्द अशा कथांत हटकून येतो. बळी घेणाऱ्यांची त्याने मोठीच सोय होते.

‘छावा’चा सगळा भर शेवटच्या छळावर आहे. प्रेक्षक रडतो तो तिथेच. पण राजा गेल्यावर गादीचं काय होतं, उरलेल्यांनी लोकांसमोर कोणत्या तोंडाने उभं राहायचं, हा वेगळा विषय आहे, आणि नाट्य त्यातही कमी नाही. स्टीफन फ्रिअर्सचा 2006 चा ‘द क्वीन’ फक्त त्यावरच आहे.

31 ऑगस्ट 1997 ला ब्रिटनच्या राणीची माजी सून डायना पॅरिसमध्ये अपघातात गेली. लंडनमध्ये राजवाड्याच्या फाटकाशी फुलांचे ढीग लागले. राणी मात्र नातवंडांना घेऊन स्कॉटलंडमध्ये बाल्मोरलला होती आणि तिथून शब्द बाहेर येत नव्हता. लोक भडकले ते एका रिकाम्या काठीवरून. बकिंगहॅम पॅलेसवर राजनिशाण फडकायचं ते राणी आत असेल तेव्हाच. शिवाय ते कधीच अर्ध्यावर उतरवत नाहीत, कारण राजा मरतो, राजपद मरत नाही. नियमाच्या दृष्टीने काठी रिकामी असणं चोख होतं. लोकांना त्यात माणुसकीचा अभाव दिसला. अखेर 5 सप्टेंबरला राणी दूरचित्रवाणीवर बोलली. दुसऱ्या दिवशी, अंत्ययात्रेच्या वेळी, राजवाड्यावर राष्ट्रध्वज अर्ध्यावर आला.

चित्रपटातला एक प्रसंग पाहण्यासारखा आहे. राणीची जीप ओढ्यात बंद पडते. मदत येईपर्यंत ती एकटी, आणि तिला रडू येतं. दिग्दर्शक आपल्याला तिचा चेहरा दाखवत नाही, फक्त पाठ दाखवतो. हेलन मिरेनला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. चेहरा न दाखवता रडणं पोहोचवायचं, तर नट तेवढ्या ताकदीचा लागतोच.

राजपद मरत नाही, हा नियम 1689 मध्ये रायगडावर फार क्रूरपणे लागू झाला.

1 फेब्रुवारीला मोगल सरदार मुकर्रबखान कोल्हापूरच्या बाजूने सह्याद्री उतरून संगमेश्वरात घुसला. म्हाळोजी घोरपडे लढता लढता पडले. संभाजीराजे आणि कवी कलश कैद झाले. आता पेच असा होता, की राजा जिवंत आहे, पण शत्रूच्या हातात. गादी त्यांच्याच नावावर ठेवली, तर त्यांच्याकडून वदवून घेतलेल्या प्रत्येक शब्दाला राजाज्ञेचं वजन येणार. किल्ले मागता येतील, खजिना मागता येईल. गादीवर दुसरं कुणी बसवलं, तर राज्य वाचेल, पण कैदेतल्या राजाची सौद्यातली किंमतही शत्रूच्या लेखी उतरेल. आणि हे ठरवायचं होतं संभाजीराजांच्या पत्नी येसूबाईंनी.

त्याच महिन्यात रायगडावर राजारामांचं मंचकारोहण झालं. ते 19 वर्षांच्या उंबरठ्यावर होते. येसूबाईंचा मुलगा शाहू सात वर्षांचाही नव्हता. पोटच्या पोराला बाजूला ठेवून दिराला गादी दिली, या त्यागाबद्दल येसूबाईंचं कौतुक होतं आणि ते रास्तच आहे. माझ्या मते त्याहून कठीण गोष्ट वेगळी होती. नवरा जिवंत असताना त्याची जागा भरायची. हिशेब बरोबर होता म्हणून तो करताना हात थरथरला नसेल, असं थोडंच आहे!

11 मार्चला, फाल्गुन अमावास्येला, महाराजांची हत्या झाली. दुसऱ्या दिवशी पाडवा. तोवर मोगल फौज रायगडाकडे वळण्याच्या बेतात होतीच. एप्रिलमध्ये राजाराम गडावरून निसटले आणि पुढे जिंजीला पोहोचले. येसूबाई शाहूला घेऊन गडावर थांबल्या. नोव्हेंबरमध्ये रायगड पडला आणि मायलेक मोगलांच्या कैदेत गेले.

लोकांचा शोक मग गेला कुठे? फुलं ठेवायला इथे राजवाड्याचं फाटक नव्हतं. म्हाळोजींचे पुत्र संताजी घोरपडे पुढची काही वर्षं मोगल छावण्यांवर छापे घालत राहिले. औरंगजेब 1707 पर्यंत दख्खनमध्येच अडकला आणि दख्खनमध्येच मेला. त्या साली शाहू सुटले. येसूबाईंना आणखी बारा वर्षं काढावी लागली. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी त्यांना दिल्लीहून परत आणलं.

येसूबाईंचं माहेर शृंगारपूर, प्रचितगडाच्या पायथ्याचं. तेही संगमेश्वर तालुक्यातच. शास्त्री उगम पावते ती याच डोंगरांत. म्हणजे जिथे नवरा धरला गेला, तो मुलूख त्यांच्या माहेरचा. पटकथा लिहिणाऱ्याला यापेक्षा आयतं काय हवं? पण आपल्याकडे ऐतिहासिक चित्रपट म्हटला की तलवारीचा खणखणाट आधी ठरतो आणि राणीला ओवाळणीचं ताट धरून दारात उभं करतात. ‘छावा’मध्येही रायगडावरच्या त्या निर्णयाला पडद्यावर फार थोडा वेळ मिळाला आहे. फ्रिअर्सला आठवड्याभराच्या शांततेतून चित्रपट मिळाला. इथे तर फेब्रुवारी ते नोव्हेंबर, बंद गड, सात वर्षांचं पोर आणि कैदेची तीस वर्षं आहेत. मराठीतल्या कुणा दिग्दर्शकाने लढाई एकदा बाजूला ठेवून येसूबाईंवर असा चित्रपट करावा.