साखळी घडविणाऱ्यांचे श्वानमंडळ

कामगार संघटनेत उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत कुत्र्यांविषयी बोलावे, याचे श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु इंग्लंडातील स्टॅफर्डशायर बुल टेरिअर या जातीच्या मंडळाचा इतिहास वाचताना आम्हांला आमच्याच कामाची ओळख पटली, म्हणून तो येथे सांगतो.

बर्मिंगहॅमच्या पश्चिमेस 'ब्लॅक कंट्री' नावाचा कोळशा-लोखंडाचा मुलूख आहे. त्यातील क्रॅडली हीथ हे हाताने साखळ्या घडविणाऱ्यांचे गाव. पुरुष जाड साखळ्या करीत. बायका घरामागच्या खोपटात भट्टी पेटवून बारीक साखळ्या घडवीत. तासाला अडीच पेन्स हा किमान दर सरकारी मंडळाने ठरविला, पण मालक तो देईनात. तेव्हा १९१० साली या बायका मेरी मॅकआर्थर यांच्या नेतृत्वाखाली लढल्या आणि जिंकल्या. लढ्याच्या उरलेल्या निधीतून १९१२ साली गावात कामगारांची वास्तू उभी राहिली. याच गावात पुढे कुत्र्याचे मंडळ निघाले.

हा कुत्रा मुळात झुंजीचा. बैलावर कुत्री सोडण्याच्या खेळासाठी बुलडॉग पाळीत. त्याचा टेरिअरशी संकर होऊन चपळ, चिवट जात निपजली. १८३५ च्या कायद्याने असले सर्व खेळ बंद झाले. बैल लपविता येत नाही, कुत्री तळघरातही लढविता येतात. म्हणून झुंजी चोरून चालूच राहिल्या. दरम्यान बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्स यांनी पांढराशुभ्र बुल टेरिअर तयार केला व तो प्रदर्शनांत मिरवू लागला. १८७३ साली लंडनात केनेल क्लब स्थापन होऊन जातींची नोंद सुरू झाली. कामगाराच्या दारचा कुत्रा मात्र नोंदीबाहेरच राहिला. नोंद नाही म्हणून प्रदर्शन नाही, आणि प्रदर्शन नाही म्हणून झुंजीखेरीज त्याची परीक्षाही नाही.

ही कोंडी १९३५ साली, म्हणजे बंदीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, फुटली. जो मॅलन हे साखळीकाम केलेले गृहस्थ. क्रॅडली हीथजवळच्या क्रॉस गन्स या मद्यगृहात त्यांनी, जो डन यांनी व इतर शौकिनांनी सभा भरवून मंडळ स्थापिले. जॅक बर्नार्ड पहिले अध्यक्ष झाले. केनेल क्लबने जातीस मान्यता दिली. मंडळाच्या नावात 'मूळ' हा शब्द घालण्याची सभासदांची इच्छा होती. परंतु बुल टेरिअरवाल्यांचे मंडळ आधीचे असल्याने तो शब्द गळला.

खरे काम होते मापाचे. चांगला कुत्रा कोणता, हे लिहून ठेवावयाचे होते. बर्नार्ड यांचा 'जिम द डँडी' नमुन्यास घेऊन उंची १५ ते १८ इंच व नराचे वजन २८ ते ३८ पौंड ठरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिले प्रदर्शन भरले. १९३९ साली मॅलन यांचा 'जंटलमन जिम' व डन यांची 'लेडी ईव्ह' हे या जातीचे पहिले चँपियन ठरले. झुंजीत रक्त सांडून मिळणारी कीर्ती आता पंचाच्या हातून, अंगावर ओरखडाही न येता मिळू लागली.

पण लिहिलेले माप पुसताही येते. १९४८ साली उंची १४ ते १६ इंच करण्यात आली. वजन मात्र होते तेच राहिले. उंची घटवून वजन कायम ठेवले की कुत्रा आखूड व जाडसर होणारच. काल मापात बसणारा साडेसतरा इंची कुत्रा एका ठरावाने मापाबाहेर गेला. कुत्रा तोच, फूटपट्टी बदलली. आम्ही संघटनेत नेहमी सांगतो की दरपत्रक तयार होत असता सभेला आला नाहीत, तर पुढे आयुष्यभर त्याच्याविरुद्ध अर्ज करीत बसावे लागते. तेच येथे घडले.

तरीही नोंदीचे मोल कमी नव्हे. १९९१ साली ब्रिटनने धोकादायक कुत्र्यांचा कायदा केला. बंदीच्या यादीत पिट बुल टेरिअर आला. त्याच्याच रक्ताचा स्टॅफर्डशायर बुल टेरिअर आला नाही. त्याला नाव होते, वंशावळ होती, लेखी वर्णन होते. छप्पन्न वर्षांपूर्वी मद्यगृहातल्या त्या सभेला जमलेल्यांनी हा कायदा स्वप्नातही पाहिला नसेल; पण त्यांनी उघडलेली वही त्या दिवशी कामी आली.