थंडीतला समुद्र आणि न वाळणारा कागद

पिंपळे सौदागरहून ताम्हिणी घाट उतरायचा, माणगाव, मंडणगड, दापोली करत हर्णै गाठायचं, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरच्या वरचा पल्ला. एका निसर्गचित्रासाठी एवढी रपेट कशाला, असं कुणीही विचारेल. पण समुद्र जागेवर बसून रंगवायचा तर डिसेंबर-जानेवारीसारखे दिवस नाहीत. पावसाळ्यात किनाऱ्यावर कागद उघडता येत नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हात रंग कुंचल्यावरच सुकायला लागतो.

त्यातही हर्णैची बात वेगळी. वर डोंगरमाथ्यावर दापोली आहे. तिला मिनी महाबळेश्वर म्हणतात ते उगाच नव्हे. थंडीच्या लाटेत तिथला पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. खाली बंदरासमोर भर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळी सूर्य चित्रकाराच्या पाठीमागून, डोंगराआडून वर येतो. किनारा अजून सावलीत असतो, तेव्हा समोरच्या तटबंदीवर पहिलं ऊन पडतं. या वेळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतात, म्हणून काठाजवळचं पाणी बऱ्यापैकी शांत असतं. दुपारी खारे वारे सुटले की पाण्याचा पोत पार बदलतो. थंडीत मुक्कामाला आलेले कुरव पक्षी होड्यांवर घिरट्या घालतात आणि चित्रात हलते पांढरे ठिपके आयते मिळतात.

जलरंगवाल्याची खरी गाठ पडते ती दवाशी. पहाटेची हवा दमट आणि गार, त्यामुळे कागदावरचं पाणी उडतच नाही. आकाशाचा पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, दिला की तो बराच वेळ ओला राहतो. ओल्यावर ओला रंग सोडून धुकं, दूरचं क्षितिज, वितळल्यासारखा दिसणारा डोंगर करायचा तर हीच वेळ. अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना मिसळून होणारा करडा रंग तेव्हा आपोआप पसरतो, त्याला फार हात लावावा लागत नाही. मात्र डोलकाठीची बारीक रेघ त्याच ओलीत मारली की फुटलीच. त्यासाठी ऊन वर येईपर्यंत थांबावं लागतं, आणि तोवर उजेड बदललेला असतो. म्हणून जाणती माणसं सावल्यांच्या जागा पेन्सिलीने आधीच पक्क्या करून ठेवतात. चित्र चुकतं ते बहुतेक वेळा या अर्ध्या-पाऊण तासाच्या घाईत.

भरती-ओहोटीचा हिशेबही घरूनच करून निघावं. कोकणातला जुना ठोकताळा सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दीड वाजता भरती. तिच्या मागेपुढे सव्वासहा तासांवर ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या प्रतिपदा-द्वितीयेला सकाळी सात ते पावणेआठच्या सुमारास पाणी उतरलेलं असतं, ओल्या वाळूत आकाशाचं प्रतिबिंब पडतं आणि टेकलेल्या होड्या पूर्ण दिसतात. वेळा थोड्या इकडेतिकडे होतात, पण बेत आखायला एवढं पुरतं.

हा हिशेब चुकला की काय होतं, ते फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने भोगलं. नोव्हेंबर १८८५मध्ये फ्रान्सच्या एत्रता गावी कड्याखाली चित्र काढताना त्याचा भरतीचा अंदाज चुकला. लाटेने त्याला कड्यावर आपटलं आणि माघारी ओढलं. इझल, रंग, चित्र सगळं समुद्रात गेलं. तो कसाबसा वाचला. तरीही दहा वर्षांनी, १८९५च्या हिवाळ्यात, तोच मोने नॉर्वेच्या बर्फात चित्रं काढायला गेला. तसल्या गारठ्यात जलरंगाचं पाणी कागदावरच गोठतं; काही चित्रकार पाण्यात थोडी व्होडका घालतात, कारण मद्यार्कामुळे पाणी लवकर गोठत नाही. तैलरंग गोठत नाहीत, नुसते घट्ट होतात. कोकणात ही वेळ येत नाही.

आपल्याकडे जागेवर बसून निसर्ग रंगवण्याची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी राहिले आणि त्याच पाण्याची, झाडांची चित्रं वेगवेगळ्या प्रहरांच्या उजेडात काढत राहिले. पुण्यात मिलिंद मुळीक यांच्या जलरंगांनी आणि पुस्तकांनी अनेक हौशी माणसांना कुंचला हाती घ्यायला लावलं.

हर्णैला दर आठवड्याला जाणं कुणाला जमणार? सरावाला पवना नदी आहेच. पिंपळे सौदागरच्या काठाने हिवाळी सकाळी धुकं असतं, पलीकडच्या इमारती त्यात अर्ध्या बुडालेल्या असतात आणि जलपर्णीचा हिरवा पट्टा पाण्याची कड झाकून टाकतो. नदी मलिन झाली आहे, याचं वाईट वाटल्याशिवाय राहत नाही. पण दवात वॉश किती वेळ ओला राहतो, बोटं आखडल्यावर रेघ कशी वळते, दूरच्या इमारतीला किती पाणी आणि किती रंग लागतो, हे इथे आठवड्यातून दोनदा तपासता येतं. ते हाताला ठाऊक असलं की हर्णैला मासळीच्या लिलावाची गर्दी, बैलगाड्या आणि होड्या समोर आल्यावर कागद आधी कुठे ओला करायचा, यावर वेळ जात नाही.